सव्वीस वेळा 'आय नो'

शिवाजीनगरहून घरी येताना मी कंडक्टरकडे नाशिकफाट्याचं तिकीट मागायचो आणि एक स्टॉप आधी, कासारवाडीला उतरायचो. 'क' माझ्या तोंडातून निघायचा नाही. क-क-क करत राहिलो की पुढच्या बाकावरची माणसं मान वळवायची, कंडक्टर हातातला पंच टकटक वाजवत उभा राहायचा. 'न' मात्र सुरळीत यायचा. वरचे जातील ते पैसे माझ्या जिभेचं भाडं, असा मी हिशेब मांडला होता. कॉलेजची तीन आणि नोकरीची पहिली चार अशी सात वर्षं मी ते भरलं. आता मेट्रो आली, तिकीट मशिनमधून निघतं, कासारवाडीचं स्टेशन कुणाला बोलून सांगावं लागत नाही. माझ्यासाठी पुणे मेट्रोचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, पण तो कुठल्या जाहिरातीत दिसला नाही.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी आमच्यासारख्यांच्या एका गटात जायला लागलो. रविवारी सकाळी बागेत दहा-बारा जण जमतो, गोल करून बसतो आणि अडखळत बोलतो. नियम एकच, समोरचा अडकला तर त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. कितीही वेळ लागो. तिथे एकाने 'अडखळणारी थोर माणसं' अशी छापील यादी वाटली होती. मला असल्या याद्यांचा राग आहे. थोर झाला म्हणून त्याचं अडखळणं शोभून दिसतं. आमच्यासारख्या क्वालिटी इन्स्पेक्टरनं त्यात काय बघायचं? पण त्या यादीत एक नाव मी कधीच ऐकलेलं नव्हतं, बिल विदर्स, गायक, अमेरिका. रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर शोधलं.

खुर्चीवर बसलेला माणूस, मांडीवर गिटार, गळाबंद स्वेटर, कपाळावर घाम. 'एन्ट नो सनशाइन' हे गाणं. आधी वाजवणं वगैरे काही नाही, थेट शब्दच सुरू. दोन मिनिटांचं तर गाणं. मधे एके ठिकाणी तो 'आय नो' म्हणतो. परत म्हणतो. परत. बाकीची वाद्यं सगळी थांबतात, मागे फक्त ड्रम चालू, आणि हा 'आय नो, आय नो, आय नो' करत राहतो, श्वास मधेच घेतो, पुन्हा तेच. मला घाम फुटला. माझ्या डोक्यात पहिला विचार आला, अडकला बिचारा. आता कुणीतरी हसेल.

कुणी हसलं नाही. तो त्यातून बाहेर आला आणि पुढच्या ओळीवर अशा सहजतेने उतरला की मी मोबाइल खाली ठेवून पाणी प्यायलो.

नंतर कळलं ते असं, की त्या जागी विदर्स आणखी शब्द लिहिणार होता. 'आय नो' ही नुसती जागा धरून ठेवलेली होती. रेकॉर्डिंगच्या वेळी निर्माता बुकर टी. जोन्स आणि बाकीचे वादक म्हणाले, राहू दे असंच. एकूण सव्वीस वेळा. आमच्या आईला हे गाणं ऐकवलं तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. इंग्रजीचा गंध नाही. तिने विचारलं, "कुणाचं नाव घेतोय हा?" मी म्हटलं, नाव नाही, 'मला माहीत आहे' म्हणतोय. "मग एकदा म्हणून भागत नाही का?" असं म्हणून तिने पुन्हा लावायला लावलं आणि जपाला मोजतात तसं अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजलं. तिचे पंचवीस झाले. तीनदा लावलं, तिन्ही वेळा पंचवीसच. तो अमेरिकेतला एक कुठेतरी गळतोय, असं तिचं अजून मत आहे.

ज्या गोष्टीची मला जन्मभर लाज वाटली, तोच शब्द पुन्हा पुन्हा येणं, ती या माणसाने गाण्याच्या मधोमध ठेवून दिली होती. मुद्दाम केलं नसेल. गाताना तसाही सहसा कुणी अडखळत नाही; मी आरती खणखणीत म्हणतो. पण मी पकडला गेलो तो तिथे, आणि मग त्याचे अल्बम एकामागून एक ऐकत गेलो. नुसती गाजलेली गाणी नव्हेत, अख्खे अल्बम, पहिल्यापासून शेवटपर्यंत, भोसरीला जाता-येता कंपनीच्या बसमध्ये.

पहिला 'जस्ट अ‍ॅज आय अ‍ॅम', 1971. कव्हरवर विटांच्या भिंतीला टेकून उभा असलेला माणूस, हातात जेवणाचा डबा. पोझ वाटते, पण ती त्याची खरीच कंपनी, बरबँकमधली वेबर एअरक्राफ्ट, आणि फोटो खरंच जेवणाच्या सुट्टीत काढलेला. तिथे तो बोइंग 747 विमानांचे संडास बनवायच्या कामावर होता. बत्तीस वर्षांचा. त्याआधी नऊ वर्षं नौदलात. त्याआधी वेस्ट व्हर्जिनियातलं स्लॅब फोर्क नावाचं कोळशाच्या खाणीचं गाव. गिटार गहाणवटीच्या दुकानातून घेतलेली. संगीतात जायचं डोक्यात कसं आलं त्याचाही त्याने सांगितलेला किस्सा आहे. एका क्लबात मोठा गायक वेळेवर आला नव्हता आणि मॅनेजर कुरकुरत होता, या माणसाला मी आठवड्याला दोन हजार डॉलर देतो आणि याला वेळेवर यायला होत नाही. विदर्स स्वतः तासाला तीन-एक डॉलरवर होता. शॉप फ्लोअरवर काम केलेल्या माणसाला हा हिशेब लगेच समजतो. प्रेरणा वगैरे नंतर.

रेकॉर्डिंगला तो जुन्या गाडीतून गाण्यांची वही घेऊन आला आणि बुकर टी.ला विचारता झाला, ही गाणी म्हणणार कोण? तूच, असं उत्तर मिळालं. मागे वाजवायला कोण, तर बुकर टी.च्या मेम्फिसच्या चमूतले डोनाल्ड 'डक' डन आणि अल जॅक्सन ज्युनियर, गिटारला स्टीफन स्टिल्स. म्हणजे नवख्याच्या पहिल्या जॉबला टूलरूममधले सगळे उस्ताद हजर. आणि तरी अल्बम ऐका, कुणी आपली हुशारी दाखवत नाही. सगळे त्या आवाजाला वाट देतात. आवाज म्हणाल तर बोलण्याच्या पट्टीतला. सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं गाणं, म्हटलं की चर्चमधून आलेली ती हाक, ते उंच जाणं, ओरडणं आपण धरून चालतो. विदर्स ओरडत नाही. ओसरीवर बसून सांगितल्यासारखं सांगतो. 'ग्रँडमाज हँड्स' तर पुरतं दोन मिनिटांचं आहे. त्यात आजी नाही, आजीचे फक्त हात आहेत. चर्चमध्ये टाळ्या देणारे, पोराला एवढं पळू नकोस म्हणून बजावणारे, अधूनमधून दुखणारे, सुजणारे. एवढंच. माझ्या आजीचे हात मी किती वर्षांनी आठवले! भाकरी थापून तळव्यांना पडलेली ती चमक.

या अल्बममध्ये दोन दुसऱ्यांची गाणी आहेत, त्यातलं 'लेट इट बी' नसतं तरी चाललं असतं. असो.

गंमत म्हणजे 'एन्ट नो सनशाइन' हे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. पुढे होतं 'हार्लेम'. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटवली आणि ते अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. रेकॉर्ड कंपनीने त्याला सोनेरी संडासाची सीट भेट दिली म्हणतात. मला हा विनोद तितकासा आवडत नाही. त्याला कदाचित आवडला असेल. पण तो कारखान्यातल्या कामावरून लगेच हलला नाही, हे मला पटतं. गाण्याचा धंदा बेभरवशाचा, पगार भरवशाचा. पुढे ले-ऑफ झाला आणि मग एकाच दिवशी दोन पत्रं आली, एक कारखान्याचं, पुन्हा कामावर या. दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं, गायला या.

दुसरा 'स्टिल बिल', 1972. एकच अल्बम सुचवा म्हटलं तर मी हाच सुचवेन. इथे बुकर टी. नाही. लॉस एंजलिसच्या वॉट्स 103र्ड स्ट्रीट ऱ्हिदम बँडमधले वादक आहेत, ड्रमला जेम्स गॅडसन, बासला मेल्विन डनलॅप, गिटारला बेनोर्स ब्लॅकमन, कीबोर्डला रे जॅक्सन, आणि अल्बम त्यांनी विदर्ससोबत आपणच बनवला. पहिला अल्बम ओसरीवरचा असेल तर हा चालत्या मशिनचा. 'यूज मी' ऐका. रे जॅक्सन क्लॅव्हिनेट वाजवतो. हे दिसायला कीबोर्ड, पण आत तारा असतात, पट्टी दाबली की तारेला ठोका बसतो, त्यामुळे आवाज चावरा येतो, सतार आणि पेटी यांच्या मधला. त्याखाली गॅडसनचा ठेका. फंकमध्ये, म्हणजे ठेक्यावरच उभ्या असलेल्या या संगीतात, सगळी गंमत पहिल्या मात्रेवर येण्यात असते. आपल्याकडे समेवर येतात तसंच, फक्त इथे सोळा मात्रांची वाट बघायची नाही, चार मोजले की आलीच. आणि मधल्या फटी! गॅडसन किती ठिकाणी वाजवत नाही ते ऐकावं. व्हर्निअर लावून मोजली तरी सगळ्या फटी टॉलरन्समध्ये निघतील, तरी ते मशिनसारखं वाटत नाही. कसं ते मला सांगता येत नाही, आणि मी आयुष्यभर मोजण्याचंच काम केलंय.

याच अल्बमवर 'लीन ऑन मी' आहे, म्हणजे 'माझा आधार घे'. जुलै 1972 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. त्याने छोटा पियानो घेतला होता, वाजवता फारसा येत नव्हता, म्हणून बोटं न उचलता शेजारशेजारच्या पट्ट्यांवरून नुसती वर आणि खाली सरकवत राहिला. तीच चाल. पेटी शिकताना पहिल्या दिवशी सा-रे-ग-म, म-ग-रे-सा वाजवतो, ते. शब्द स्लॅब फोर्कमधल्या शेजाऱ्यांचे. मोठ्या शहरात आल्यावर ते शेजारपण सापडेना, म्हणून गाण्यात आणलं.

माझ्या पुतण्याला हे गाणं 'फार गोड' वाटतं. वाटो. पण त्याच अल्बममध्ये 'हू इज ही' आहे. रस्त्यात एका परक्याने आपल्याकडे रोखून बघितलं आणि सोबतच्या बाईने नजर खाली घातली, तेवढ्यावरून मनात चढत जाणारा संशय. दोन्ही एकाच माणसाची, एकाच बँडची, एकाच वर्षाची. अल्बम अख्खा ऐकावा तो यासाठी. नुसतं 'लीन ऑन मी' ऐकलं तर विदर्स एखादा सज्जन गृहस्थ वाटतो, आणि तो काही तेवढा सरळ नाही.

मग कार्नेगी हॉल. 6 ऑक्टोबर 1972, न्यूयॉर्क. पुढच्या वर्षी दोन तबकड्यांचा अल्बम आला. सुरुवातच 'यूज मी'ने. गाणं संपतं, लोक टाळ्या थांबवत नाहीत, आणि बँड तोच ठेका पुन्हा धरतो. पहिल्याच गाण्याला वन्समोअर! हे आपल्याकडे नाट्यसंगीतात चालायचं असं वडील सांगायचे. मैफल संपते ती 'हार्लेम'वर, आणि ते तेरा मिनिटं चालतं.

पण मी हा अल्बम गाण्यांसाठी ऐकत नाही. बोलण्यासाठी ऐकतो. अठ्ठावीस वर्षांचा होईपर्यंत अडखळणारा माणूस तिकडच्या सगळ्यात मानाच्या सभागृहात, भरल्या घरात, गाण्यांच्या मधे बोलतोय. घाई नाही. 'ग्रँडमाज हँड्स'च्या आधी आजीच्या चर्चबद्दल सांगतो, तिथलं अंत्यविधीचं गाणं कसं असायचं ते सांगतो, लोक हसतात, तो त्यांचं हसू संपू देतो, मग पुढचं वाक्य. मी ते बोलणं मिनिट-सेकंद लावून ऐकलंय. कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दाआधी थांबतो. आम्हाला शिकवतात ना, शब्दाच्या आधी हलकं थांबा, मग अलगद उतरा. तसं तो करतोय की ती त्याची नुसती बोलण्याची ढब आहे, मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या गटात यावर दोन तट आहेत. एक जण म्हणतो, वेस्ट व्हर्जिनियाची माणसं अशीच रेंगाळत बोलतात, तू उगाच त्यात स्वतःला बघतोस. बघत असेन.

त्याच मैफलीत 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' आहे. व्हिएतनामहून उजवा हात गमावून आलेला पोरगा दुसऱ्याला म्हणतो, माझं पत्र लिहून दे, मला डाव्या हाताने येत नाही. आईला लिही, वकिलाशी बोल म्हणावं. युद्धाबद्दल एकही मोठं वाक्य नाही. हात गेला म्हणजे काय, तर पत्र लिहिता येत नाही. लिहायला हात नसणं आणि बोलायला जीभ न उचलणं यांची तुलना मी करणार नाही, ती खोटी होईल. पण 'माझ्या वतीने तू सांग' हे वाक्य मी बँकेत, दवाखान्यात, एकदा तर स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत म्हटलेलं आहे. तिथे मोठ्या भावाने माझं शिक्षण, पगार, आवडी, सगळं सांगितलं. आवडीत त्याने स्वतःची क्रिकेटही घातली. बायको अजून विचारते, मॅच का बघत नाहीस?

पुढचं झटपट सांगतो, कारण मीही ते झटपटच ऐकतो. 1974 चा '+'जस्टमेंट्स'. नावात अधिकचं चिन्ह आहे, म्हणजे 'अ‍ॅड'-जस्टमेंट्स. संसार मोडत असतानाचा अल्बम, कडू, आणि लोकांनी उगाच मागे टाकलेला. 'द सेम लव्ह दॅट मेड मी लाफ' त्यातलं. ससेक्स या रेकॉर्ड कंपनीशी पैशांवरून फाटलं, आणि रागाच्या भरात त्याने तयार झालेला एक अख्खा अल्बम पुसून टाकला. स्वतःच्या हाताने. मी बॅचच्या बॅच रिजेक्ट केल्या आहेत, पण त्या दुसऱ्याच्या हातच्या. मग कोलंबिया ही मोठी कंपनी. तिथल्या जाणकारांनी त्याला एल्व्हिस प्रेस्लीचं एक गाणं गायचा सल्ला दिला. 1977 च्या 'मेनॅजरी'वर 'लव्हली डे' आहे, शेवटी एकच सूर अठरा सेकंद धरलेला. बायकोला विदर्सचं हेच एक गाणं आवडतं, आणि सकाळी डबा भरताना खरंच बरं वाटतं. पण या सगळ्या अल्बमांत व्हायोलिनं, कोरस, चकाकी वाढत जाते आणि तो बोलका आवाज मागे मागे सरकतो. ओसरीवरच्या माणसाला हॉलमधल्या सोफ्यावर बसवल्यासारखं होतं. 1985 मध्ये 'वॉचिंग यू वॉचिंग मी' आला, आणि संपलं.

संपलं म्हणजे संपलंच. सत्तेचाळिशीच्या आत त्याने अल्बम काढणं बंद केलं, आणि उरलेली पस्तीस वर्षं लॉस एंजलिसमध्ये आपल्या घरी राहिला. त्याच्यावर 'स्टिल बिल' याच नावाचा एक माहितीपट निघाला. त्यात तो न्यूयॉर्कमध्ये अडखळणाऱ्या मुलांच्या एका नाटकमंडळीला भेटायला जातो. मुलं आपलं म्हणणं अडखळत अडखळत पुरं करतात, आणि समोर बसलेला हा म्हातारा रडायला लागतो. तो भाग मी एकदाच बघितला.

30 मार्च 2020 ला तो गेला. घरच्यांनी 3 एप्रिलला जाहीर केलं. आमच्याकडे लॉकडाऊनचा दुसरा आठवडा, कंपनी बंद, भोसरीतला सततचा घरघराट पहिल्यांदाच थांबलेला. तिकडे त्याच दिवसांत लोक डॉक्टर-नर्सांसाठी 'लीन ऑन मी' म्हणत होते. त्या रविवारी आमचा गट बागेऐवजी व्हिडिओ कॉलवर भेटला. अकरा चौकोन. यादी वाटणारा म्हणाला, तुझा गायक गेला, दोन शब्द तूच बोल.

मी माइक चालू केला. नावापासून सुरुवात करायची होती. 'बि' अडला. बि-बि-बि. ओठ घट्ट मिटले, मान एका बाजूला जायला लागली, स्क्रीनवर माझाच चौकोन मला दिसत होता. आत बायकोने कुकरखालचा गॅस बंद केल्याचा आवाज आला. दहा चौकोनांतली दहा माणसं नुसती बघत होती. पूर्ण नाव सगळ्यांना माहीत होतं. कुणी म्हटलं नाही.